तुरुंगाच्या आकड्यांशी झुंजलेला माणूस : डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस

डॉ. डू बॉइस हे नाव आपल्या समाजात बहुतेकांना एका पत्रामुळे माहीत आहे. जुलै १९४६ मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना अमेरिकेत पत्र लिहिले आणि ३१ जुलैला त्यांनी उत्तर पाठवले. एप्रिल आणि डिसेंबर आला की त्या पत्राचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागते, आपण जय भीम लिहून पुढे पाठवतो आणि विषय तिथेच संपतो. ज्यांना पत्र लिहिले ते गृहस्थ कोण होते, त्यांनी पंचाण्णव वर्षांच्या आयुष्यात काय केले, हे सांगणारे मराठीत फार थोडे आहे. सगळे आयुष्य एका लेखात मावणार नाही. म्हणून आम्ही त्यातला एकच धागा धरतो आहोत, तुरुंगाचा. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या साधारण १३-१४ टक्के आहेत आणि तुरुंगातल्या कैद्यांत मात्र जवळजवळ एक तृतीयांश. असे का, हा प्रश्न आज अनेक विद्यापीठांत अभ्यासला जातो. तो पहिल्यांदा घरोघर फिरून, आकडे जमवून, शास्त्रशुद्ध रीतीने विचारणाऱ्यांत डू बॉइस होते. आणि वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या हातातही बेड्या पडल्या.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावातला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली होती. (आडनावाचा उच्चार फ्रेंच पद्धतीने कोणी केला तर ते दुरुस्त करत. ते बॉइसच आहे.) वडील लवकरच घर सोडून गेले. आई मेरी सिल्विना हिने लोकांच्या घरी कामे करून मुलाला वाढवले. गावात काळ्यांची मोजकीच कुटुंबे, त्यामुळे शाळेत ते गोऱ्या मुलांबरोबरच शिकले, आणि पुढेच राहिले.

या शाळकरी वयातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काही मुलांनी मिळून एका श्रीमंताच्या मळ्यातली द्राक्षे चोरली, त्यात हा मुलगाही होता. त्याला सुधारगृहात पाठवावे अशी बोलणी सुरू झाली. शाळेचे मुख्याध्यापक फ्रँक हॉस्मर मध्ये पडले आणि ते टळले. याच हॉस्मर गुरुजींनी त्याला महाविद्यालयाच्या तयारीचे विषय घ्यायला लावले आणि पुस्तकांची सोयही करून दिली. एका वयस्क माणसाने शब्द टाकला, एवढ्यावर एका मुलाची वाट सुधारगृहाकडून हार्वर्डकडे वळली. दक्षिणेतल्या एखाद्या काळ्या मुलाने त्याच वर्षी हीच द्राक्षे चोरली असती तर त्याचे काय झाले असते, हे डू बॉइस यांनीच पुढे आकड्यांसह लिहून ठेवले.

आई १८८५ मध्ये वारली. गावातल्या चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढली आणि हा मुलगा टेनेसी राज्यातल्या फिस्क विद्यापीठात गेला. दक्षिण त्याने पहिल्यांदा पाहिली ती तिथे. उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यात जाऊन लाकडी खोपटात शाळा चालवली. पुढे हार्वर्डमध्ये पदवी, मग शिष्यवृत्तीवर बर्लिन. बर्लिनमध्ये अर्थशास्त्र आणि समाजाचा संख्याशास्त्रीय अभ्यास त्यांनी आत्मसात केला. पैशाची मदत थांबल्यामुळे तिथली डॉक्टरेट राहून गेली, पण १८९५ मध्ये हार्वर्डची मिळाली. हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. प्रबंधाचा विषय आफ्रिकेतून अमेरिकेत होणारा गुलामांचा व्यापार कसा बंद झाला हा होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या आपल्या बाबासाहेबांची आठवण इथे वाचकांना येणारच. दोघांनीही परदेशी विद्यापीठातली विद्या आपल्या माणसांच्या कामी आणली.

त्यानंतर १८९६ साली फिलाडेल्फियाचे काम आले. त्या शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींची समजूत होती की शहर बिघडले ते काळ्या वस्तीमुळे, तिथल्या गुन्हेगारीमुळे. विद्यापीठाने त्या वस्तीचा अभ्यास करण्यासाठी डू बॉइस यांना बोलावले. पगार ९०० डॉलर, हुद्दा साहाय्यकाचा, विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम नाही. नुकतेच लग्न झालेले. पत्नी नीना हिला घेऊन ते त्याच सातव्या वॉर्डात एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहिले आणि सुमारे २,५०० घरांत स्वतः जाऊन माहिती गोळा केली. किती माणसे, किती खोल्या, भाडे किती, काम काय, मजुरी किती, कुठल्या कारखान्याने काळा म्हणून दारातून परत पाठवले, असे सगळे प्रश्न त्यांनी विचारले. लोकांनीही सुरुवातीला संशयाने पाहिले. आपल्याला तपासायला कोणीतरी सुटाबुटातला साहेब आला आहे असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते.

त्या काळी तुरुंगाच्या आकड्यांवरून मोठा वाद चालू होता. १८९० च्या जनगणनेत कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या १२ टक्के आणि कैद्यांत मात्र ३० टक्के निघाले होते. प्रुडेन्शियल विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की हा वंशाचाच दोष आहे, या लोकांच्या रक्तात गुन्हा आणि रोग आहे, सुधारणेचा उपयोग नाही. आकडे दिसत होते म्हणून लोकांना ते शास्त्र वाटले. विमा कंपन्यांना काळ्यांचे विमे नाकारायला आयते कारण मिळाले. डू बॉइस यांनी १८९७ मध्ये त्या पुस्तकाचे परीक्षण लिहिले आणि त्याची पद्धतच चुकीची असल्याचे दाखवले.

हे करताना त्यांनी आकडे लपवले नाहीत, आणि आम्हाला त्यांचे हे वागणे सर्वांत मोलाचे वाटते. फिलाडेल्फियात काळे लोक शहराच्या सुमारे ४ टक्के आणि गंभीर गुन्ह्यांसाठी मोठ्या तुरुंगात गेलेल्यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त, हे त्यांनी स्वतःच्या पुस्तकात छापले. समाजाची बदनामी होईल म्हणून पान गाळले नाही. मात्र त्याच पानांवर त्यांनी विचारले की हा आकडा नेमके काय मोजतो? गुन्हा मोजतो की अटक मोजतो? काळ्या माणसाला कमी कारणावरून पकडले जाते आणि तेवढ्याच गुन्ह्यासाठी त्याची शिक्षा लांब असते, हे त्यांनी नोंदवले. तुरुंगात आलेले बहुतेक तरुण होते, शहरात नव्याने आलेले होते, अर्धशिक्षित होते. कारखान्याची दारे बंद असल्याने त्यांना हमाली आणि घरकाम याशिवाय काम नव्हते. बँकर, वकील होणे दूर राहिले, त्यांना ट्राममध्ये कंडक्टरचे कामही मिळत नव्हते. ही सगळी कारणे मांडल्यावर वंशाच्या रक्ताला करण्यासारखे काही उरत नाही. ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हे पुस्तक १८९९ मध्ये निघाले. ज्या मंडळींनी अभ्यास मागवला होता त्यांना गुन्हेगार वस्तीचा अहवाल हवा होता. हाती आला तो गोऱ्या मालकांच्या वागणुकीचाही अहवाल.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. तरुण डू बॉइस यांच्या या पुस्तकात गरीब वस्तीतल्या लोकांना उपदेश बराच आहे. व्यसन, आळस, कुटुंबाची शिस्त यावर ते एखाद्या कडक मास्तरासारखे बोलतात. शिकलेल्या वरच्या दहाव्या हिश्श्याने बाकीच्यांना वर ओढावे हा त्यांचा विचारही त्याच काळातला. आपल्याकडेही शिकून नोकरीला लागलेली माणसे झोपडपट्टीतल्या पोरांबद्दल असे बोलताना आपण ऐकतो. डू बॉइस पुढे या मतापासून खूप दूर गेले. त्याचे कारण दक्षिण.

१८९७ मध्ये ते जॉर्जिया राज्यात अटलांटा विद्यापीठात शिकवायला गेले आणि तेरा वर्षे राहिले. पुढचा भाग समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली, पण त्या वाक्यात एक फट ठेवली होती. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी ती फट ताबडतोब ओळखली. मिसिसिपीने त्याच वर्षी कायदा केला की प्रत्येक काळ्या माणसाजवळ जानेवारीत कामाचा लेखी पुरावा असला पाहिजे. नसेल तर तो भटक्या, म्हणजे गुन्हेगार. दंड भरता आला नाही की जो दंड भरेल त्याच्याकडे मजुरी. दंड भरणारा बहुधा जुना मालकच. पुढे १८७६ मध्ये मिसिसिपीत असा कायदा आला की डुक्कर किंवा दुसरे जनावर चोरले, अथवा १० डॉलरचा माल चोरला, तर ती मोठी चोरी मानून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. काही वर्षांतच तिथले कैदी जवळजवळ चौपट झाले. लोक एकाएकी चौपट चोर झाले नव्हते, चोरीची व्याख्या बदलली होती.

हे कैदी तुरुंगात ठेवले जात नव्हते. सरकार त्यांना भाड्याने देत असे. रेल्वेमार्ग, कोळशाच्या खाणी, टर्पेंटाइनची जंगले, विटांचे कारखाने, कापसाचे मळे इथे ठेकेदार दर डोई ठरावीक रक्कम सरकारला भरून कैदी घेऊन जात. जॉर्जियात हे १८६८ पासून सुरू होते. गुलाम हा मालकाचा पैसे देऊन घेतलेला ऐवज होता, तो मेला तर मालकाचे नुकसान. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मागवता येई. त्यामुळे खाणीत आणि दलदलीत माणसे कशी मरत असतील ते वेगळे सांगायला नको. पुरुष, बाया, पोरे, पट्टीचे दरोडेखोर आणि कोंबडी चोरलेला पोरगा, सगळे एकाच साखळीत.

डू बॉइस यांनी १९०१ मध्ये या पद्धतीवर लेख लिहिला आणि तिला गुलामगिरीची अवलाद ठरवले. त्यातली मांडणी आजही जशीच्या तशी उपयोगी पडते. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतले तुरुंग मुख्यतः गोऱ्यांसाठी होते, कारण गुलामाला शिक्षा मालकच करी. पोलीस होते ते गुलामांवर पाळत ठेवण्यासाठी, आणि प्रत्येक गोरा माणूस एक प्रकारे त्या पोलिसांतलाच होता. युद्ध संपले, पण ती पाळत तशीच राहिली. आता तिच्या हातात न्यायालयही आले. सरकारला कैद्यांपासून उत्पन्न मिळू लागले की सरकारला कैदी हवेच असतात. आणि सर्वांत वाईट परिणाम त्यांनी असा सांगितला की काळ्या माणसाच्या मनात तुरुंगाची लाजच उरली नाही. निरपराध माणूस आत जातो हे तो रोज पाहत असेल, तर आत जाऊन आलेल्याला तो गुन्हेगार का मानेल? न्यायालयावरचा विश्वास असा मुळापासून गेला. दुसरीकडे गोऱ्या गुन्हेगाराला कोणी धरत नव्हते, त्यामुळे त्यांच्यातही कायद्याचा धाक गेला.

हे ते ग्रंथालयात बसून लिहीत नव्हते. अटलांटाच्या रस्त्यावर, शाळांच्या समोर, बारा वर्षांची मुले सराईत गुन्हेगारांबरोबर साखळदंडात काम करताना त्यांनी पाहिली होती. काळ्या मुलांसाठी सुधारगृह नव्हते. जॉर्जियातल्या डॉहर्टी परगण्यात फिरताना कैद्यांचे शेत पाहिले. तिथले लोक म्हणत की तुरुंगात फक्त काळी पोरे जातात आणि तीही गुन्ह्यामुळे नव्हे, सरकारला त्यांच्या मजुरीचे उत्पन्न हवे म्हणून. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या १९०३ च्या प्रसिद्ध पुस्तकात हे आले आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी अटलांटा विद्यापीठाची वार्षिक परिषद याच विषयावर भरवली आणि जॉर्जियातल्या गुन्ह्यांचा अहवाल छापला. त्यातही दोन्ही बाजू आहेत. समाजाने स्वतः काय करावे तेही आहे आणि राज्याने काय थांबवावे तेही.

इथे आम्हाला त्रिपिटकातला दीघनिकाय आठवतो. कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताच्या राज्यात चोऱ्या-दरोडे वाढतात. पुरोहित त्याला सांगतो की मारून, बांधून, हद्दपार करून हे थांबणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला पोटभर वेतन दे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातही क्रम स्पष्ट आहे. आधी गरिबांना धन न देणे, मग दारिद्र्य, मग चोरी, मग शिक्षा, मग शस्त्रे. डू बॉइस यांनी ही सुत्ते वाचली होती असा आमचा दावा नाही. त्यांनी सातव्या वॉर्डात आणि जॉर्जियाच्या मळ्यांत तोच क्रम पाहिला.

अटलांटातच त्यांच्या आयुष्याचा रस्ता बदलला. एप्रिल १८९९ मध्ये सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावाने हालहाल करून जाळले. डू बॉइस शांतपणे युक्तिवाद करणारे पत्र घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत कळले की होजच्या बोटांची हाडे पुढच्या रस्त्यावर एका किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत. ते अर्ध्या वाटेवरून घरी परतले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दोन वर्षांचाही नसलेला मुलगा घटसर्पाने गेला. आकडे नीट मांडले की लोक सत्य स्वीकारतील ही त्यांची समजूत त्या वर्षी गेली. आकडे मांडणे त्यांनी सोडले नाही, पण एवढ्याने भागत नाही हे त्यांना कळले.

पुढची तीस-चाळीस वर्षे आम्ही थोडक्यात घेतो, कारण ती बरीच प्रसिद्ध आहेत. १९०५ मध्ये नायगारा चळवळ, १९०९ मध्ये एनएएसीपी या संघटनेच्या स्थापनेत वाटा, १९१० पासून न्यूयॉर्कहून ‘द क्रायसिस’ मासिकाचे संपादन. काही वर्षांत त्याचा खप लाखापर्यंत गेला. जमावाच्या हत्यांची मोजदाद ते महिन्यामागून महिना छापत. १९१९ मध्ये आर्कान्सा राज्यात एलेन इथे वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांनी कापसाला भाव मागण्यासाठी संघटना बांधली, तेव्हा त्यांची कत्तल झाली. खटले मात्र काळ्यांवरच भरले गेले आणि १२ जणांना फाशी सुनावली गेली, तीही काही मिनिटांच्या ज्युरी-विचारानंतर. संघटनेने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९२३ मध्ये न्यायालयाने म्हटले की जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे. शेवटी बाराही जण सुटले. जॉर्जियाने कैदी भाड्याने देणे १९०८ च्या कायद्याने बंद केले. अलाबामाने सर्वांत शेवटी, १९२८ मध्ये. रस्त्यावरच्या साखळदंडाच्या टोळ्या मात्र चालूच राहिल्या, फक्त ठेकेदाराच्या जागी सरकार आले. १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात डू बॉइस यांनी हा सगळा इतिहास पुन्हा मांडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि आपल्या देशात न्याय मिळत नसेल तर जगाच्या दारात जावे असा विचार पुढे आला. बाबासाहेबांचे १९४६ चे पत्र याच संदर्भातले आहे. अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची बातमी त्यांनी वाचली होती. भारतातल्या अस्पृश्यांनीही तसे करावे असा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी निवेदनाच्या प्रती मागवल्या. डू बॉइस यांनी उत्तरात सांगितले की आपण बाबासाहेबांचे नाव ऐकून आहोत आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे. पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, डू बॉइस यांच्याच संपादनाखाली दुसरे आणि मोठे निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिले गेले. त्याहून मागे पाहिले तर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. म्हणजे ही ओळख एका पत्रापुरती नव्हती.

१९४९ मध्ये त्यांनी आणखी एक निवेदन लिहिले, एका बाईसाठी. रोझा ली इंग्रॅम ही जॉर्जियातली विधवा, बारा मुलांची आई, वाट्याने शेती करणारी. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याशी झालेल्या झटापटीत तो मेला. एका दिवसाच्या खटल्यात सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तिला आणि तिच्या दोन अल्पवयीन मुलांना देहदंड दिला. देशभर ओरड झाल्यावर तो जन्मठेपेवर आला. तिघे तुरुंगातून बाहेर पडले ते १९५९ मध्ये.

आणि मग त्यांची स्वतःची पाळी. शीतयुद्धाचे दिवस होते. अणुबाँबवर बंदी घालावी या मागणीसाठी सह्या गोळा करणाऱ्या एका छोट्या केंद्राचे ते अध्यक्ष होते. सरकारने केंद्राला परक्या सत्तेचे हस्तक म्हणून नोंदणी करण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला, कारण ते कोणाचे हस्तक नव्हते. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्यांच्यावर आणि चार सहकाऱ्यांवर आरोपपत्र आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड १० हजार डॉलरपर्यंत. वॉशिंग्टनच्या न्यायालयात त्या वृद्ध विद्वानाचे खिसे तपासले, बोटांचे ठसे घेतले, हातात बेड्या घातल्या. वकिलांनी आक्षेप घेतल्यावर त्या निघाल्या. हार्वर्डचा डॉक्टर, वीसएक पुस्तकांचा लेखक, काही दिवसांनी वयाची त्र्याऐंशी वर्षे पूर्ण करणारा. न्यूयॉर्कमधल्या ज्या हॉटेलात वाढदिवसाचे जेवण ठरले होते त्या हॉटेलने नकार कळवला. नावाजलेली, शिकलेली अनेक काळी मंडळी लांब झाली. ज्या वरच्या दहाव्या हिश्श्यावर त्यांनी तरुणपणी भरवसा ठेवला होता तो हिस्सा गप्प बसला. पाठीशी उभे राहिले ते कामगार, त्यांच्या संघटना आणि परदेशातले लोक.

खटल्याला हजारो डॉलर लागले. दुसरी पत्नी शर्ली ग्रॅहम यांच्यासह ते गावोगाव फिरले, भाषणे दिली, पैसे जमवले. वकील व्हिटो मार्कांटोनियो यांनी फी घेतली नाही. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी साक्षीला येण्याची तयारी दाखवली. नोव्हेंबर १९५१ मध्ये सरकारी पक्षाची बाजू ऐकून झाल्यावर न्यायाधीशांनी पुरावाच नाही म्हणून सर्वांना निर्दोष सोडले. आइन्स्टाइनना यावे लागलेच नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यात सुटकेचा आनंद थोडा आणि एक वेगळीच धास्ती जास्त आहे. आपण सुटलो कारण आपल्याजवळ पैसे उभे राहिले, चांगले वकील मिळाले, जगभर मित्र होते. हे ज्याच्याजवळ नाही अशी हजारो निरपराध माणसे या क्षणी आत आहेत, या विचाराने अंगावर काटा येतो असे त्यांनी लिहिले. त्यांचे म्हणणे असे की तुरुंगातल्या अनेकांचा खरा गुन्हा दारिद्र्य हाच असतो. सातव्या वॉर्डात वही घेऊन फिरणारा कडक मास्तर आणि हा म्हातारा यांच्यात चोपन्न-पंचावन्न वर्षांचे अंतर आहे. तेव्हा ते कैद्यांना मोजत होते. आता ते त्यांच्या रांगेत उभे राहून आले होते.

हे वाचताना आपल्याकडचे कच्चे कैदी डोळ्यासमोर येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातल्या तुरुंगातले दर चारांपैकी तीन जण अजून दोषी ठरलेले नाहीत. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या, कैद्यांत त्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतात. पारधी, कैकाडी यांसारख्या विमुक्त जमातींचा तर त्या तक्त्यात वेगळा रकानाच नाही. ज्यांना इंग्रजांनी जन्माने गुन्हेगार ठरवले, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवून गिरण्यांत कामाला पाठवले आणि १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्त केले, त्यांची मोजणीच होत नाही. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जातीनुसार कामे वाटण्याच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. जामीन मिळतो पण जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेला पोरगा बहुतेक वस्त्यांत एखादा तरी असतो. आपल्याकडे वकील बरेच झाले आहेत. त्यांतल्या काहींनी आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात जाऊन अशा पोरांची नुसती यादी जरी केली, तरी डू बॉइस यांच्या कामाला शोभेल असे ते काम होईल.

शेवटची वर्षे त्यांना सोपी गेली नाहीत. निर्दोष सुटूनही पासपोर्ट १९५८ पर्यंत मिळाला नाही. या काळात ते सोव्हिएत रशियाकडे अधिक झुकले. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर त्यांनी लिहिलेला गौरव आज वाचवत नाही. ज्या माणसाने जॉर्जियाच्या सक्तमजुरीचा हिशेब मांडला त्याला सायबेरियाच्या छावण्या दिसू नयेत, हे आम्हाला त्यांच्या आयुष्यातले मोठे न्यून वाटते, आणि ते झाकण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते घानाला गेले, आफ्रिकेचा विश्वकोश तयार करण्यासाठी. तिथेच अक्रा शहरात २७ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोकांचा तो प्रसिद्ध मोर्चा जमला होता, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले. त्याच व्यासपीठावरून जमावाला त्यांच्या निधनाची बातमी सांगण्यात आली.

त्यांचे कागद, पत्रे, हस्तलिखिते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात आहेत. त्या ग्रंथालयाला आता त्यांचेच नाव आहे. बाबासाहेबांचे पत्र आणि डू बॉइस यांच्या उत्तराची प्रत तिथे जपलेली आहे, आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते.